कोयनेलचें झाड

जुन्या पिढींतील ज्यांनीं हिंवतापाचे दिवस अनुभवले आहेत, त्यांच्या जिभेवर ‘कोयनेल’ हा शब्द नुसता उच्चारतांच कडूपणा उमटतो. पावसाळा ओसरला कीं घरोघर माणसें अंथरूण धरीत. ठरल्या वेळीं थंडी वाजून ताप भरे, गोधड्यांवर गोधड्या घातल्या तरी दांतांवर दांत आपटत, आणि कांहीं वेळानें दरदरून घाम येऊन रोगी मोकळा होई. पण तो एक दिवस जाऊं देऊन पुन्हां त्याच वेळीं थरथरण्यासाठींच! काडेचिराइताचा काढा, सातविणीची साल, अंगारे-धुपारे हे सारे उपाय करून झाले म्हणजे शेवटीं पांढऱ्या भुकटीची पुडी हातीं येई आणि बहुधा तीच गुण देई. ती पुडी ज्या झाडाच्या सालीपासून होई, तें झाड मात्र ती घेणाऱ्यांपैकीं क्वचितच कोणीं पाहिलें असेल. त्या झाडाचें नांव सिंकोना. त्याची हकीकत एका झाडाची असली तरी तींत राजे, पाद्री, रसायनशास्त्रज्ञ व दर्यावर्दी आहेत, आणि ज्याचें नांव फारसें कोणी घेत नाहीं असा एक गरीब जंगली वाटाड्याहि आहे.

दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम अंगानें उत्तर-दक्षिण पसरलेला अँडीज पर्वत ही सिंकोनाची जन्मभूमि. कोलंबियापासून इक्वेडोर व पेरू ओलांडून बोलिव्हियापर्यंत, मुख्यतः पर्वताच्या पूर्व उतारावर, सुमारें ५००० ते ८००० फूट उंचीवर हीं झाडें आढळतात. तेथें कडक ऊन नाहीं आणि हिमहि नाहीं. वर्षाचे बहुतेक दिवस धुकें, रिमझिम पाऊस आणि पायांखालीं पाचोळा कुजून झालेली भुसभुशीत काळी माती. कॉफी, कदंब व मंजिष्ठ ह्या आपल्या ओळखीच्या वनस्पति ज्या कुळांतील, त्याच कुळांत सिंकोनाची गणना होते. पानें समोरासमोर, रुंद व चकचकीत; जुनीं होतांना तीं तांबूस होतात. फुलें लहान, नळीसारखीं, पांच पाकळ्यांचीं, गुलाबी किंवा पांढुरकीं, झुपक्यांनीं येणारीं व सुवासिक. पाकळ्यांच्या कडांवर बारीक लोंव असते. हें झाड रानांत आंबराईसारखें एका जागीं दाट वाढत नाहीं. येथें एक, तर दरीपलीकडे दुसरें, अशीं तीं विखुरलेलीं असतात. साल काढणारे लोक उंच कड्यावर उभे राहून खालच्या हिरव्या पसाऱ्यांत पानांची चकाकी व तांबूस छटा हेरीत आणि मग झाडी तोडीत त्या दिशेनें उतरत. कित्येक दिवसांच्या पायपिटीनंतर हातीं लागावीं तीं चार-दोन झाडें!

एवढ्यावर भागत असतें तर बरें होतें. सिंकोना हें एक झाड नव्हे, तें एक मोठें गणगोत आहे. त्याच्या वीसांहून अधिक जाति आहेत. त्यांच्या फुलांत दोन प्रकार असतात. कांहीं झाडांच्या फुलांत स्त्रीकेसर लांब व पुंकेसर आखूड, तर दुसऱ्या झाडांत नेमकें उलट. त्यामुळें परागांची देवाणघेवाण एका झाडाहून दुसऱ्या झाडाकडे होते आणि जातीजातींचा संकर सहज घडतो. दिसावयास सारखीं दोन झाडें. पण एकाच्या सालींत औषध भरपूर, तर दुसऱ्याच्या सालींत नांवालासुद्धां नाहीं. साल नुसती पाहून हा भेद ओळखणें पंडितांना साधलें नाहीं. ज्यांनीं जन्मभर तेंच काम केलें त्या रानांतल्या लोकांना तें बरेंचसें साधे. पुढील सर्व कथेची किल्ली ह्या एका गोष्टींत आहे.

युरोपला ह्या सालीची ओळख कशी झाली याविषयीं एक गोड गोष्ट पिढ्यान् पिढ्या सांगितली गेली. पेरूच्या स्पॅनिश राजप्रतिनिधीची पत्नी, चिंचोनची काउंटेस, लिमा येथें तापानें अत्यवस्थ झाली. लोहा प्रांतांतून आलेल्या सालीनें ती बरी झाली. मग तिनें ती साल गोरगरिबांना वांटली आणि स्वदेशीं नेली. ही गोष्ट १६६३ मध्यें सेबास्तियानो बादो ह्या जिनोआच्या वैद्यानें छापली. ती इतकी लोकप्रिय झाली कीं १७४२ मध्यें लिनियसनें झाडाला त्या बाईचेंच नांव दिलें, आणि देतांना त्यांतला एक ‘ह’ गाळला, म्हणून ‘चिंचोना’चें ‘सिंकोना’ झालें. विसाव्या शतकांत राजप्रतिनिधीची रोजनिशी तपासली गेली तेव्हां निराळेंच निघालें. त्याची पहिली पत्नी तो पेरूला जाण्यापूर्वींच स्पेनमध्यें वारली होती. दुसरी पत्नी लिमा येथें चांगली धडधाकट होती. परतीच्या वाटेवर १६४१ मध्यें कार्ताहेना बंदरीं ती मरण पावली, म्हणजे स्पेनपर्यंत ती साल घेऊन जाण्यास उरलीच नाहीं. साल वापरणारे मूळचे लोक, त्यांच्याकडून ती शिकून घेणारे जेझुइट पाद्री व औषधें विकणारे सामान्य लोक यांपैकीं कोणाचेंहि नांव झाडाला मिळालें नाहीं. जी बाई त्या सालीनें बरी झालीच नव्हती, तिचें मात्र मिळालें.

साल युरोपांत पोंचली ती सतराव्या शतकाच्या चौथ्या-पांचव्या दशकांत, जेझुइटांच्या मार्फत. रोम शहराभोंवतीं दलदली होत्या आणि हिंवतापानें तेथें पोपसुद्धां मरत. त्यामुळें कार्डिनल दे लुगो यांनीं ती गरिबांस फुकट वांटण्याची व्यवस्था केली. पण जेझुइटांनीं आणलेली वस्तु म्हणून प्रॉटेस्टंट देशांत तिच्याविषयीं संशय होता. त्या संशयाचा फायदा घेतला रॉबर्ट टॅलबर नांवाच्या एका इंग्रजानें. औषधें कुटणाऱ्याच्या हाताखालीं उमेदवारी केलेला हा मनुष्य ‘जेझुइटांची पूड घेऊं नका’ असें लोकांना बजावी आणि आपलें गुप्त औषध विकी. त्यानें इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याचा ताप उतरविला, फ्रान्सच्या युवराजालाहि बरें केलें, आणि चौदाव्या लुईनें मोठी रक्कम देऊन त्याचें रहस्य विकत घेतलें. अट अशी कीं टॅलबर जिवंत असेपर्यंत तें फोडावयाचें नाहीं. तो १६८१ मध्यें वारला, दुसऱ्या वर्षीं कृति प्रसिद्ध झाली. आणि पहावें तों काय, दारूंत कालविलेली तीच जेझुइटांची पूड! पुढें १६९३ मध्यें चीनचा कांग्शी बादशहा याच सालीनें बरा झाला. अशा रीतीनें शंभर वर्षांच्या आंत साल जगभर फिरली, परंतु तिचें झाड शास्त्रज्ञांनीं अजून पाहिलें नव्हतें.

पाहण्याचा पहिला मान फ्रेंच विद्वान ला काँदामीन यास मिळाला. पृथ्वीचा आकार मोजण्याच्या मोहिमेवर आलेला हा गृहस्थ १७३७ मध्यें लोहा प्रांतांत गेला, झाडाचें वर्णन व चित्र त्यानें पॅरिसला धाडलें. पुढें अॅमेझॉन नदीनें खालीं येतांना त्यानें रोपेंहि जिवापाड जपलीं, पण नदीच्या मुखाजवळ एका लाटेनें तीं वाहून नेलीं. त्याचा सोबती जोसेफ द जुस्यू तेथेंच राहिला. पस्तीस वर्षांहून अधिक काळ रानें तुडवून १७७१ मध्यें तो पॅरिसला परतला तेव्हां संग्रहाचा मोठा भाग गेला होता आणि त्याचें चित्तहि ठिकाणावर नव्हतें.

इ. स. १८२० मध्यें पॅरिसच्या पेलेतिए व काव्हाँतू ह्या दोन औषधशास्त्रज्ञांनीं सालींतील मुख्य कडू द्रव्य वेगळें काढलें; तेंच क्विनीन, आपलें कोयनेल. त्या दोघांनीं कृति गुप्त न ठेवतां छापून टाकली हें आवर्जून सांगावयास हवें. टॅलबरच्या व्यापारानंतर तरी हें वाचून बरें वाटतें. आतां वाटीभर भुकटी कष्टानें गिळण्याऐवजीं चिमूटभर औषध पुरूं लागलें, मात्रा मोजतां येऊं लागली, आणि कोणत्या सालींत किती सत्त्व आहे हें तपासणेंहि शक्य झालें. तापाचें कारण मात्र अद्याप कोणासच ठाऊक नव्हतें. रक्तांतील जंतु लाव्हराननें पाहिला तो १८८० मध्यें, आणि डांसाच्या पोटांतील त्याचा माग रोनाल्ड रॉसला सिकंदराबादेस लागला तो १८९७ मध्यें. म्हणजे शत्रु कोण हें कळण्याच्या अडीचशे वर्षें आधींपासून शस्त्र चालत होतें.

औषधाची मागणी वाढली तशी झाडांवर कुऱ्हाड पडली. साल काढावयाची तर झाड तोडावयाचें, ही तेथील रीत. इकडे हिंदुस्थानांत सैन्य, रेल्वेचे मजूर व अफाट प्रजा तापानें खंगत होती आणि सरकारला कोयनेलासाठीं दरवर्षीं मोठी रक्कम मोजावी लागे. जावा बेटांत डचांचीहि तीच गत. तेव्हां झाडच आपल्या मुलखांत आणावें असें दोघांनींहि ठरविलें. अँडीजमधील संस्थानांना हें अर्थातच नको होतें. साल हें त्यांचें उत्पन्न होतें आणि बी-रोपें बाहेर जाऊं नयेत म्हणून त्यांनीं बंदीचे हुकूम काढले. मानवजातीच्या कल्याणासाठीं केलेलें काम असें त्याचें वर्णन युरोपीय ग्रंथांत आढळतें. तें खोटें नाहीं. पण ज्यांच्या रानांतून झाड गेलें त्यांच्या भाषेंत त्याला चोरी म्हणतात, आणि तेंहि खोटें नाहीं.

डचांनीं पहिली चाल केली. हासकार्ल नांवाचा वनस्पतिशास्त्रज्ञ खोट्या नांवानें पेरूंत शिरला आणि १८५४ मध्यें रोपें घेऊन जाव्यास पोंचला. त्यांतील एक जात जोमानें वाढली, तिचीं लाखों रोपें डोंगरावर लावलीं गेलीं, आणि मग रसायनशास्त्रज्ञांनीं तपासून सांगितलें कीं तिच्यांत कोयनेल जवळजवळ नाहींच!

इंग्रजांची मोहीम क्लेमेंट्स मार्कम यानें १८५९ मध्यें हातीं घेतली. तो स्वतः पेरूच्या काराबाया प्रांतांत गेला, तेथें लोकांच्या विरोधांतून निसटून शेंकडों रोपें मोठ्या कष्टानें किनाऱ्यावर आणलीं; पण तांबड्या समुद्राच्या उन्हांतून मुंबईमार्गें निलगिरीस पोंचतां पोंचतां तीं होरपळलीं व शेवटीं मेलीं. यश आलें तें इक्वेडोरमध्यें. तेथें रिचर्ड स्प्रूस हा आजारी, धड चालतांहि न येणारा शास्त्रज्ञ व रॉबर्ट क्रॉस हा माळी यांनीं १८६० मध्यें चिंबोराझो पर्वताच्या पायथ्याच्या रानांत तांबड्या सालीच्या जातीचें सुमारें एक लक्ष बी जमविलें, सहाशेंहून अधिक रोपें वाढविलीं आणि तराफ्यावरून नदीनें बंदरास नेलीं. त्यांपासून निलगिरींत दोडाबेट्टा व नडुवट्टम येथें मळे उभे राहिले. त्यांची देखरेख मॅकायव्हर नांवाच्या उटीच्या माळ्याकडे होती. झाड न तोडतां सालीच्या उभ्या पट्ट्या काढावयाच्या आणि उघडा पडलेला भाग शेवाळानें बांधून ठेवावयाचा, ही त्याची युक्ति. नवी साल येई ती पहिलीपेक्षां अधिक कसदार. मजुरी मात्र कोणाची होती तेंहि पहावें. नडुवट्टमच्या मळ्यांत मलायाकडील इंग्रजी वसाहतींतून आणलेले चिनी कैदी राबत. त्यांच्या तुरुंगाची इमारत अजून तेथें आहे.

महाराष्ट्रांतहि हें झाड लावून पाहिलें होतें. मार्कमनें महाबळेश्वरचे डोंगर स्वतः पाहिले, आणि पुढें जवळच्या लिंगमळा येथें सरकारनें सिंकोनाचा मळा केला. उंची होती, थंडावा होता. परंतु सह्याद्रीचा पाऊस अँडीजचा नव्हे. महाबळेश्वरीं चार महिन्यांत आभाळ फाटतें आणि उरलेले आठ महिने जमीन कोरडी पडते. सिंकोनाला पाणी बारमाही हवें, पण मुळांशीं सांचलेलें मुळींच चालत नाहीं. प्रयोग सोडून द्यावा लागला. लिंगमळ्याचा धबधबा पाहण्यास जाणाऱ्यांना ही गोष्ट क्वचितच ठाऊक असते.

आतां त्या वाटाड्याकडे वळावयाचें. चार्ल्स लेजर हा इंग्रज व्यापारी बोलिव्हिया-पेरूकडे साल व लोंकर यांचा धंदा करी. त्याचा नोकर मानुएल इंक्रा मामानी हा आयमारा जमातीचा. कोणत्या झाडाची साल खरी कसदार हें त्याला पक्कें कळे. लेजरनें त्याला उत्तम झाडांचें बी आणण्यास सांगितलें. चार वर्षें मामानी रानांत वाट पहात राहिला, कारण दरवर्षीं दंव पडून बहर जळून जाई. पण दुसऱ्या हलक्या झाडांचें बी आणून मालकाला फसविणें त्याच्या मनांत आलें नाहीं. अखेर १८६५ मध्यें तो शेंकडों मैल चालून बी घेऊन आला. लेजरनें तें लंडनला आपल्या भावाकडे पाठविलें. इंग्रज सरकारनें घेतलें नाहीं, त्याची भिस्त तांबड्या सालीवर होती. डचांनीं मात्र सुमारें एक पौंड बी १०० फ्रँकांना घेतलें. उरलेलें एका हिंदुस्थानांतील मळेवाल्यानें. जाव्यांत त्या पौंडभर बियांपासून सुमारें वीस हजार रोपें झालीं. कांहीं वर्षांनीं साल तपासली तेव्हां डचांचा डोळ्यांवर विश्वास बसेना. तांबड्या सालींत कडू द्रव्यें एकूण पुष्कळ, पण कोयनेलचा अंश थोडा. ह्या सालींत कोयनेल शेंकडा आठ-दहा, आणि कांहीं झाडांत तेरापर्यंत! त्या जातीला लेजरचें नांव मिळालें.

मामानी पुन्हां बी आणावयास गेला तेव्हां १८७१ च्या सुमारास पकडला गेला. हें बी कोणासाठीं नेतोस, असें विचारून त्याला तुरुंगांत मारहाण झाली. त्यानें नांव सांगितलें नाहीं. त्या माराच्या दुखण्यानें तो मेला. लेजरला म्हातारपणीं, १८९७ मध्यें, डच सरकारनें वर्षाला १०० पौंड दिले. मामानीच्या कुटुंबाला त्या सरकारनें कांहीं दिल्याची नोंद इतिहासांत आढळत नाहीं.

जाव्यांतील लागवड ही शेतीच्या इतिहासांतील एक नमुनेदार गोष्ट आहे. सिंकोनाचें बी पंख असलेलें, इतकें बारीक कीं एका ग्रॅममध्यें हजारों मावतात. तें छपराच्या सावलींत वाफ्यावर पेरतात, वरून माती जवळजवळ टाकीतच नाहींत. रोपें एकदां-दोनदां उपटून लावून दीड-दोन वर्षांनीं उतारावर नेतात. लेजरची जात सत्त्वानें श्रीमंत पण प्रकृतीनें नाजूक. म्हणून तांबड्या सालीच्या चिवट खुंटावर तिचें कलम करण्याची तोड निघाली. दाट लावून पुढें विरळणी करावयाची, आणि आठ-दहा वर्षांनीं झाड मुळासकट उपटून खोड, फांद्या व मुळें यांची साल मोगऱ्यांनीं ठोकून सोलावयाची व वाळवावयाची. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत जगांतील कोयनेलपैकीं शेंकडा नव्वदांहून अधिक जाव्याच्या सालीचें असे, आणि त्याचा भाव अॅमस्टरडॅमच्या संघाच्या मुठींत होता. सिलोनच्या मळेवाल्यांनींहि कॉफीवर रोग पडतांच सिंकोनाकडे धांव घेतली होती. १८८६ च्या सुमारास त्यांची साल वर्षाला दीड कोटि पौंडांवर गेली, भाव कोसळले, आणि तीं झाडें उपटून त्यांनीं चहा लावला.

हिंदुस्थानांत मळे राहिले ते निलगिरींत आणि दार्जिलिंगजवळ मंगपू येथें. (मैत्रेयी देवींचे यजमान मंगपूच्या कोयनेल-कारखान्याचे शास्त्रज्ञ होते, आणि रवींद्रनाथ ठाकूर १९३८ पासून कित्येकदां त्यांच्या घरीं जाऊन राहिले.) येथें झाडें कमी प्रतीचीं असलीं तरी एक चांगली कामगिरी झाली. केवळ कोयनेलच नव्हे, सालींतील इतर कडू द्रव्येंहि ताप उतरवितात असें १८६६ च्या सुमारास मद्रासकडे रोग्यांवर तपासून ठरलें, आणि त्यांचें मिश्र स्वस्त औषध निघूं लागलें. बंगालमध्यें १८९२ पासून पोस्टांत एका पैशाला एक पुडी मिळूं लागली. कल्पना सुरेख, परंतु एका पुडींत पांच ग्रेन, आणि ताप मुळापासून जावयाचा तर तशा कित्येक पुड्या घ्याव्या लागत. थंडी थांबली कीं गरीब माणूस पुढचा पैसा मिठाला ठेवी, आणि पंधरा दिवसांनीं पुन्हां अंथरुणाला खिळे. निदान पैसा असला तर पुडी मिळे, एवढें खरें. १९४२ च्या मार्चमध्यें जावा जपानच्या हातीं गेला आणि जगाचें कोयनेल एका झटक्यांत तुटलें. दुसऱ्या वर्षीं बंगालच्या दुष्काळांत उपासानें खंगलेल्या माणसांवर हिंवतापाची लाट आली तेव्हां खेड्यांतून पैसे देऊनहि औषध मिळेना. त्या दुष्काळांत जे मेले त्यांतले फार मोठे संख्येनें भुकेपेक्षां तापानें मेले.

कृत्रिम औषधांनीं त्यानंतर कोयनेलची जागा घेतली. ह्या शोधाची सुरवात मोठी गमतीची आहे. १८५६ मध्यें अठरा वर्षांचा विल्यम पर्किन कोयनेल बनवावयास गेला आणि त्याच्या भांड्यांत जांभळा रंग तयार झाला, ज्यांतून कृत्रिम रंगांचा सारा उद्योग निघाला. महायुद्धानंतर क्लोरोक्वीन आलें, त्याला जंतु दाद देईनासे झाले. मग १९७२ मध्यें चिनी शास्त्रज्ञांनीं दवण्याच्या गोत्रांतील एका वनस्पतींतून आर्टेमिसिनीन काढलें, आणि गंभीर हिंवतापावर आतां त्याच वर्गांतील औषधाला पहिलें स्थान आहे. कोयनेल मागें पडलें, तरी औषधपेटींतून नाहींसें झालें नाहीं.

झाडाचें काय झालें? नडुवट्टमच्या कोयनेल-कारखान्यांत पुढें चहा तयार होऊं लागला. पेरूच्या राष्ट्रचिन्हावर १८२५ पासून सिंकोनाचें झाड आहे, पण त्याच पेरूच्या रानांत चांगल्या जातीचीं झाडें शोधावीं लागतात. उलट इक्वेडोरच्याच मालकीच्या गालापागोस बेटांवर १९४० नंतर कोणीं तांबड्या सालीचीं रोपें नेऊन लावलीं. तेथें तीं अशीं माजलीं कीं मूळच्या झुडपांना सूर्य दिसेना, आणि ज्या झाडाच्या एका रोपासाठीं माणसें तुरुंगांत मेलीं, तें मुळासकट उपटण्यासाठीं त्या बेटांवर सरकारी मजूर नेमावे लागले.